क्लेमसाहेब रस्त्यात उभे राहतात

गाडीने मुलीला काहीही केलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नुसता आरसा दप्तराला घासून गेला. दप्तर जरासं फिरलं, दप्तराबरोबर मुलगी जराशी फिरली, गाडी निघून गेली, आणि चौथीतली ती मुलगी रस्ता ओलांडून बापापाशी येऊन म्हणाली, "बाबा, आज चित्रकलेच्या बाई आल्याच नाहीत." तिच्या लेखी त्या दिवशी घडलेली मोठी गोष्ट तेवढीच होती.

बापाच्या लेखी मात्र तसं नव्हतं. आता एखादा दुसरा बाप असता, तर गाडीवाल्याला चार शिव्या घालून मोकळा झाला असता. पण हा बाप विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना क्लेमसाहेब म्हणायचे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर एकच मजकूर निरनिराळ्या अक्षरांत यायचा: मी नेहमीप्रमाणे सावकाश जात होतो, समोर अचानक कोणीतरी आलं. इतकी वर्षं हे वाचल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. आपल्याला ओला जिना दिसला की आपण कठड्याला धरतो. क्लेमसाहेबांना ओला जिना दिसला की त्यांना प्लॅस्टर दिसायचं. लग्नाच्या हॉलमध्ये ते झुंबराखाली बसत नसत.

दुपारी शाळेला जाताना काही प्रश्न नव्हता. बस बिल्डिंगच्या दारातच यायची आणि आजी नातीला चढवून द्यायची. संध्याकाळी मात्र तीच बस उलट दिशेने यायची आणि समोरच्या फुटपाथला लागायची. पाच-सहा मुलं उतरायची, बसच्या पुढून रस्ता ओलांडायची, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या शहराची ऑफिसं सुटलेली असायची. थांबलेली बस पाहून मागच्या गाड्यांना आनंद व्हायचा, की चला, ही एक तरी बाजूला झाली.

"आज आरसा घासला," जेवताना क्लेमसाहेब म्हणाले. त्यांचं ताट तसंच होतं.

"तिला लागलं का?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज लोकांचं घाबरणं बघून बघून तिचं स्वतःचं घाबरणं संपून गेलं होतं.

"लागलं नाही. पण लागलं असतं."

"मग तिला सांगू या, नीट बघून ओलांड."

"तिची काय चूक? चूक गाडीवाल्यांची. त्यांना कुणी समजावून सांगितलेलंच नाही."

"मग तू सांग जा."

हा टोमणा होता. घरातल्या भांड्यांनाही कळलं असतं की हा टोमणा आहे. क्लेमसाहेबांनी तो प्रस्ताव म्हणून घेतला आणि मंजूरही करून टाकला.

एक फलक लावायचा, असं ठरलं. काम केवढंसं? पण बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाने काही ठरवलं की ते त्याचं एकट्याचं राहत नाही. क्लेमसाहेबांनी मजकूर लिहिला: "शाळेची बस उभी असताना तिच्या पुढून अथवा मागून विद्यार्थी रस्ता ओलांडत असण्याची शक्यता गृहीत धरून, रुग्णवाहिका व अग्निशामक वाहने वगळता, सर्व वाहनांनी आपले वाहन पूर्णपणे थांबवावे." हा त्यांच्या मते अगदी थोडक्यात होता. तो त्यांनी तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना दाखवला, ही पहिली चूक. मुख्याध्यापकांनी लाल पेन काढलं. "आधी संबोधन हवं," ते म्हणाले. "अनोळखी माणसाला एकदम थांब म्हणायचं हे बरं दिसत नाही." मग सुरुवातीला 'वाहनचालक बंधू-भगिनींनो' आलं, त्याखाली बालकांविषयीचा एक सुविचार आला, आणि शेवटी 'आपला नम्र' आलं. नम्र कोण, हा प्रश्न निघाल्यावर कागद सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेला.

सेक्रेटरी शर्टाच्या खिशात तीन पेनं लावणारे गृहस्थ. त्यांनी मुलांचा विषय बाजूला ठेवून आधी भिंतीचा विषय घेतला. फलक सोसायटीच्या भिंतीवर लागणार असेल तर सोसायटीचं नाव हवं, नाव असेल तर कमिटीचीही नावं हवीत, आणि कमिटीची घातली तर मागच्या कमिटीला वाईट वाटेल. पेंटरने तो कागद दोन्ही हातांनी लांब धरून वाचला आणि म्हणाला, "साहेब, एवढं वाचायचं तर गाडीवाल्याला खुर्ची द्यावी लागेल."

भिंतीपेक्षा रस्त्यावरचा खांब बरा, असं क्लेमसाहेबांना वाटलं, म्हणून ते परवानगी काढायला निघाले. वीजवाले म्हणाले, खांब आमचा आहे, पण त्यावर विजेशिवाय दुसरं काही लावायला आम्ही देत नाही. रस्तेवाले म्हणाले, रस्ता आमचा आहे, पण त्यावरची वाहतूक आमची नाही. शेवटी वाहतूक कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. अशा ठिकाणी खुर्ची मिळाली की समजून जावं. होणारी कामं उभ्याउभ्याच होतात.

"बस तिथे रोज उभी राहते म्हणता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"रोज."

"आमच्या नकाशात तर तिथे बसला जागाच नाही."

"पण साहेब, ती राहते उभी."

"राहत असेल. तुम्ही एक अर्ज द्या, उद्याच बंद करून टाकतो. अलीकडे पेट्रोलपंपासमोर एक स्टॉप आहे, तो नकाशात आहे. सगळी मुलं तिथे उतरतील."

पंपासमोरचा म्हणजे मोठा रस्ता. तिथे गाड्या येत नसत, सुटत. त्या रस्त्याचं नाव दिसलं की क्लेमसाहेब पुढचा कागद वाचण्याआधी पाणी पिऊन घेत. "छे छे, तक्रार कसली," ते उठत म्हणाले, "आहे ते अगदी उत्तम चाललंय." अधिकाऱ्याचे तीनदा आभार मानून ते बाहेर पडले आणि जिना उतरताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, न जाणो त्याने एखादा कोरा कागद पुढे केला तर.

तेव्हा फलक भिंतीवरच लागला, दोन्ही कमिट्यांच्या नावांसकट. पहिल्या संध्याकाळी क्लेमसाहेब त्याच्याशेजारी जरा बाजूला, आपला काही संबंध नसल्यासारखे उभे राहिले. गाड्या खरोखरच हळू झाल्या. गाडीवाले माना वळवून फलक वाचू लागले. म्हणजे झालं असं, की मुलं रस्त्याच्या मधे आणि झाडून सगळ्या गाडीवाल्यांचे डोळे भिंतीकडे. एका टँकरवाल्याने तर इंजिन बंद करून सगळी नावं वाचली आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "साहेब, यातले निवडणुकीला कोण उभे आहेत?"

त्याच संध्याकाळी फलक उतरवला गेला. मागच्या कमिटीला फार वाईट वाटलं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण काळजी माणसाला शहाणं राहू देत नाही, आणि त्यातून अपमान झालेला असला तर विचारायलाच नको. डोळे मिटले की क्लेमसाहेबांना ते जरासं फिरलेलं दप्तर दिसायचं. दप्तराच्या जागी दुसरं काही ते मनात येऊच देत नसत, पण ते येऊ न देण्यातच त्यांचा जीव दमून जायचा. फलक कुणी वाचत नाही, आणि वाचला तर समोर बघत नाही. मग समोरच काहीतरी उभं केलं पाहिजे. तर तेच उभे राहिले.

ऑफिसात आग विझवण्याच्या सरावासाठी ठेवलेलं चकाकणारं पिवळं जाकीट त्यांनी मागून आणलं. ते एका जाड्या शिपायाच्या मापाचं होतं. शिट्टी मुख्याध्यापकांनी दिली. कवायतीच्या काळातली होती आणि तिच्यातला मणी अर्धा झिजला होता, त्यामुळे ती वाजण्यापेक्षा खोकल्यासारखी वाटायची. हातात धरायला लाल असं काहीतरी हवं होतं, तेव्हा माळ्यावरची टेबलटेनिसची बॅट खाली आली. "अंगठा मागे घ्या," मुख्याध्यापकांनी सूचना केली, "नाहीतर सर्व्हिस करताय असं वाटतं." सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, की यात काही बरंवाईट झालं तर सोसायटीवर येणार नाही ना.

पहिला दिवस मात्र सोन्याचा गेला. बस थांबली, क्लेमसाहेब बॅट उंच धरून रस्त्याच्या मधोमध गेले, आणि पहिल्या स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारून खिशातून लायसन काढलं. त्याच्या मागच्याने ते पाहिलं आणि गाडी वळवून उलटा पळाला. त्याच्या मागच्याने त्याला पळताना पाहिलं. पुढे तपासणी चालू आहे, ही बातमी वाऱ्यासारखी चौकापर्यंत पोचली आणि गर्दीच्या वेळी तो रस्ता शाळेच्या मैदानासारखा मोकळा झाला. मुलं हातपाय हलवत, गप्पा मारत ओलांडून आली. क्लेमसाहेब त्या रिकाम्या रस्त्यात बॅट धरून कितीतरी वेळ उभेच होते. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदाच ते पोटभर जेवले.

दोन-चार दिवसांत हा पोलीस नव्हे हे लोकांना कळलं. "काय साहेब, आज बॅटिंग तुमची का?" असं येताजाता कुणी म्हणू लागलं. आपण ते मनाला लावून घेतलं नाही असं क्लेमसाहेब बायकोला म्हणाले, त्यावरून बायकोला काय ते कळलं. उलट त्यांचा उत्साह वाढला. थांबलेल्या गाडीच्या काचेवर टकटक करून ते समजावून सांगू लागले, की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत ती किती पुढे जाते, मधल्या अंतरात काय काय मावतं, आणि अमुक एका केसमध्ये काय मावलं होतं. हे चालू असताना मुलं पलीकडच्या फुटपाथवर दोरीला धरून उभी असायची. हो, दोरीही आली होती. दोरीचं पहिलं टोक लेकीच्या हातात दिलेलं, कारण आपण आपल्या घरापासून सुरुवात केली पाहिजे.

आणि क्लेमसाहेब मधून ओरडायचे, "बबडे, आधी इकडे बघ. आता तिकडे. दोरी सोडू नकोस, बबडे."

बबडी हे तिचं घरातलं नाव होतं. ती पाळण्यात असताना आजीने ठेवलेलं, चार भिंतींच्या बाहेर कधी न गेलेलं. ते आता रोज संध्याकाळी अख्ख्या रस्त्याला, आणि बसच्या खिडक्यांत बसलेल्या तमाम पोरांना, बिघडलेल्या शिट्टीच्या साथीत ऐकू जात होतं.

लेक हल्ली गप्प असते, हे आजीच्या लक्षात आलं. आजीने मुलाला सांगितलं, मुलाने त्याचा अर्थ रस्त्याचा धसका असा लावला आणि दोरी आणखी लांब आणली. एकदा लेक स्वतःच त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून म्हणाली, "बाबा, तुला ऑफिसात जास्त काम नसतं का रे?"

"असतं गं. पण तुझ्यापुढे काय ते काम."

"नाही, म्हणजे तू संध्याकाळीसुद्धा थांबलास तरी चालेल. तिथे."

"माझी काळजी करतेस होय?" क्लेमसाहेबांनी तिचा गालगुच्चा घेतला. बायकोने लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एवढ्यात क्लेमसाहेब शिट्टी धुवायला निघून गेले.

दुसऱ्या संध्याकाळी बस आली. क्लेमसाहेबांनी बॅट उचलली, गाड्या थांबवल्या, मुलं ओलांडून आली. दोरीचं पहिलं टोक एका दुसऱ्याच मुलाच्या हातात होतं.

क्लेमसाहेबांनी बसच्या दारात जाऊन विचारलं. बसमध्ये मुलांना चढवा-उतरवायला एक मावशी असायच्या.

"ती तर मागेच उतरली की," मावशी म्हणाल्या. "पंपापाशी. म्हणाली, बाबा आजपासून तिथे उभे राहणार आहेत. मला वाटलं, तुम्ही आता मोठा रस्ता घेतलात."

पुढचं क्लेमसाहेबांना धड आठवत नाही. आपण पळतोय एवढं कळत होतं. जाकीट गुडघ्यांत येत होतं, शिट्टी छातीवर आपटत होती, आणि डोक्यात एकामागून एक ते सगळे कागद उलगडत होते, सगळ्यांवर एकच वाक्य. मी नेहमीप्रमाणे सावकाश जात होतो. आयुष्यभर त्या वाक्याखाली सही करताना त्यांनी एकदाही विचार केला नव्हता, की अचानक समोर आलेल्या त्या 'कोणीतरी'ला घरी कुठल्या नावाने हाक मारत असतील.

मोठ्या रस्त्यावर दिवे लागले होते. गाड्यांच्या दोन्हीकडच्या रांगा अखंड चालल्या होत्या. पलीकडे, पंपाच्या दिव्याखाली, फुटपाथच्या कडेला ती उभी होती. दप्तर पाठीवर, पाण्याची बाटली गळ्यात, एवढीशी. क्लेमसाहेबांनी बॅट वर केली. कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी शिट्टी फुंकली, ती खोकली. मग त्यांनी ते केलं, जे न करण्याविषयी ते इतके दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. त्यांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही, आणि बॅट पुढे धरून सरळ रस्त्यात पाय टाकला.

टेम्पो त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला. थांबताना त्याने जो आवाज केला, तो क्लेमसाहेबांनी कागदावर हजारदा वाचला होता, ऐकला पहिल्यांदाच. ड्रायव्हरने खिडकीतून काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

"बाबा, मागे हो." पलीकडून आवाज आला. लेक दोन्ही हात वर करून ओरडत होती. "मागे जा. तिथेच थांब. हलू नकोस."

क्लेमसाहेब मागे झाले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या. गाड्यांच्या फटींतून त्यांना दिसलं, ती त्यांना हाताने खूण करतेय, पुढे, पुढे. मग ती फुटपाथवरून सिग्नलच्या दिशेने चालू लागली. तेही आपल्या बाजूने चालू लागले. मधे तो सगळा रस्ता. एखादी मोठी गाडी आली की ती दिसेनाशी व्हायची आणि गाडी जाईपर्यंत क्लेमसाहेब जागच्या जागी उभे राहायचे, मग पुन्हा ते दप्तर दिसायचं आणि ते चालू लागायचे. सिग्नलपाशी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका आणि एक सायकलवाला उभा होता. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली. दिवा बदलेपर्यंत ती समोर बघत होती. बापाकडे नाही, दिव्याकडे. बदलल्यावर तिने दोन्हीकडे पाहिलं आणि त्या बायकांबरोबर चालत अलीकडे आली.

क्लेमसाहेबांनी रागवायचं ठरवलं होतं. पण आधी ते फुटपाथच्या कडेवर बसले, आणि बसलेल्या माणसाला नीट रागावता येत नाही.

"मी सिग्नललाच जाणार होते," लेक म्हणाली. "मला माहितीये, तिथूनच जायचं. आईने दाखवलंय. पण तू मधेच आलास. तो टेम्पो तुला..." आणि ती जी रडू लागली ती थांबेचना. क्लेमसाहेबांनी तिला जवळ घेतलं. महिनाभर जी भीती ते एकटे पोटात घेऊन हिंडत होते, ती आता त्या एवढ्याशा पोरीच्या अंगात शिरली होती, त्यांच्याचमुळे. याची लाज त्यांना वाटली, खरोखरची, टँकरवाल्याच्या प्रश्नाने वाटली तसली नव्हे.

"इथे का उतरलीस पण?"

"सगळे बबडी बबडी करतात. शाळेतसुद्धा. मी वर्गात आले की शिट्टी वाजवतात." ती नाक पुसत थांबली. "आणि तू मधे उभा असलास ना, की मला गाड्या दिसतच नाहीत. तूच दिसतोस फक्त."

क्लेमसाहेबांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. त्यांनी जाकीट काढलं, घडी करून काखेत मारलं, आणि दोघं घरी गेली. वाटेत तिने त्यांचं बोट सोडलं नाही.

घरी सगळं ऐकल्यावर बायको बराच वेळ लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "उद्या तू अलीकडेच उभं राहायचं. फुटपाथवर. हात खिशात." हा टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लेमसाहेब ऑफिसच्या कपड्यांत फुटपाथवर उभे राहिले. मुख्याध्यापक खिडकीतून म्हणाले, आज काय सुट्टी वाटतं. बस आली. मुलं उतरली आणि बसच्या पुढच्या कोपऱ्याशी घोळक्याने थांबली. लेक सर्वांत पुढे होती. तिने बसच्या आडून हळूच मान काढून पाहिलं. एक गाडी थांबली. तिच्या मागची स्कूटर थांबली. क्लेमसाहेबांच्या खिशातल्या मुठी जराशा सैल झाल्या, आणि तेवढ्यात एक मोटारसायकल त्या दोघांना बाजूने कापत सुसाट आली.

ओरडायला क्लेमसाहेबांचं तोंड उघडलं. पण लेकीचा हात आधीच आडवा झाला होता, मागच्या मुलांपुढे, आणि घोळका जागीच उभा होता. मोटारसायकल निघून गेली. तिने पुन्हा एकदा पाहिलं, हात खाली घेतला, आणि सगळी मुलं चालत अलीकडे आली.

"मी बघितलं होतं त्याला," ती बापापाशी येऊन हळूच म्हणाली. "तुझ्याआधी."

क्लेमसाहेबांनी मान हलवली. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "श्वास घे आता."

क्लेमसाहेबांनी घेतला.